नाव कापलेला रिपोर्ट

आमची ताई वर्षातून एकदा सगळ्या भावंडांना, चुलत-आते धरून, फोन करायची आणि एकच विचारायची: आतड्यात दुर्बीण घालून तपासून आलास का? ना तब्येत कशी, ना पोरं कशी. तिचं नाव दिसलं की मी फोन पालथा घालून ठेवायचो. खरं सांगतो, डोकं खायची ती.

तिलाही काही हौस नव्हती. वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, काका एकोणचाळिसाव्या. दोघांनाही रक्त पडायचं आणि दोघांनीही मूळव्याध समजून औषधं खाल्ली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे हे कळेस्तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. ताईला तिशीत तसंच रक्त पडायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून घरातलं विचारून घेतलं. म्हणाले, हे तुमच्याकडे रक्तातूनच येतंय. आतड्यात बारीक बारीक गाठी येतात, कुणाला शेकड्यांनी, कुणाला चार-दोन. गाठ लहान असताना काढली तर सुटलात, राहू दिलीत तर कधीतरी बिघडणार. ताईचं मोठं आतडंच काढावं लागलं. ठरलेलं लग्न त्यात मोडलं ते मोडलंच.

तेव्हापासून ती दिवसातून आठ वेळा संडासला जाते आणि उरलेला वेळ लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री करते. मालकाने एकदा तोंड वाकडं केलं, तर म्हणाली, आठातलं एकदा तुम्ही जाऊन या माझ्याऐवजी. तो पुन्हा बोलला नाही. घोटे सुजतात तिचे. घरी आली की पाय भिंतीला लावून पडते, आणि पडल्या पडल्या फोन लावते. वीस वर्षं हेच.

धाकट्या भावाचं सलून आहे, भर बाजारात, दोन खुर्च्यांचं. पाच वर्षांपूर्वी त्याच्या आतड्यात तीन गाठी सापडल्या. काढल्या, आणि दरवर्षी या म्हणून सांगितलं. पण तपासणी म्हणजे आदल्या दिवशी जुलाबाचं ते बेचव पाणी तांब्या-तांब्याने ढोसायचं, रात्रभर पळायचं, दुसऱ्या दिवशी भूल. दोन दिवस दुकान बंद. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं की परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं त्याने आज जातो, उद्या जातो करत वेळ मारून नेली. तिसऱ्या वर्षी ताईने त्याचा आणि त्याच्यापायी माझाही पिच्छाच पुरवला, तेव्हा तो माझ्याकडे आला.

मी फ्रिज दुरुस्त करतो. त्या दिवशी डोक्याला ताप होताच. माझे रिपोर्ट दरवर्षी स्वच्छ येतात. तो म्हणाला, दादा, तुझा एखादा जुना दे, वरचा नाव-तारखेचा भाग कापून तिला फोटो पाठवतो, तुझीही कटकट वाचेल. मी दिला. हसतहसत दिला. ताईने चष्मा लावून खालची ओळ तेवढी वाचली, आणि आनंदाने मलाच फोन केला, की यंदा धाकट्याला एकही गाठ नाही.

पुढच्याच वर्षी तो खुर्चीमागे उभा असताना चक्कर येऊन पडला. आतड्यातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. ऑपरेशन झालं, आता औषधं चालू आहेत. घरी पडून असतो. त्याने माझ्याकडून शब्द घेतला, की तो जिवंत असेपर्यंत त्या रिपोर्टचं ताईला सांगायचं नाही.

मी गप्प बसलो. मला ते सोयीचंही होतं, उगाच कशाला लपवू.

पण ताईने फोन करायचं सोडून दिलं. गेल्या वर्षी स्वच्छ होतं, मग ते यंत्र बघतं काय, डोंबल? असं येईल त्याला सांगायला लागली. आमच्या चुलत बहिणीची मुलगी अठराची झालीय. बहिणीला स्वतःला गाठी आहेत, डॉक्टरांनी मुलीची तपासणी यंदा करायलाच सांगितलंय. बहीण आधीच घाबरट. तिने मला सांगितलं, की ताईच उपयोग नाही म्हणते, मग पोरीला कशाला छळायचं, मी तारीख रद्द केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीत गेलो. ताई चादरींना इस्त्री करत होती. मी सगळं सांगून टाकलं, अगदी हसलो होतो तेसुद्धा. एक थोबाडीत बसेल असं वाटलं होतं. बसली असती तर बरं झालं असतं.

तिने इस्त्री उभी केली.

"म्हणजे तपासणी चुकली नव्हती."

"नाही. तो तीन वर्षं गेलाच नव्हता."

ती तिथेच चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. बराच वेळ घोटा चोळत राहिली. मग विचारलं, "तू इथे आलायस हे त्याला माहितेय?"

मी नाही म्हणालो.

"मग कळू देऊ नकोस. आहे तेवढे दिवस त्याला माझ्यासमोर मान वर करून बसू दे."

आणि तिने बहिणीला फोन लावला.

"अगं, माझीच चूक झाली. धाकट्याच्या रिपोर्टात गाठी लिहिल्या होत्या, मी धड वाचलंच नाही. तपासणीचा काही दोष नाही. पोरीची तारीख आजच परत घे."

पलीकडून बहीण खूप बोलली असावी. वीस वर्षं आम्हाला सळो की पळो केलंस आणि स्वतःला साधा कागद वाचता आला नाही, असं काहीतरी. ताई फोन कानाला धरून ऐकत होती. "हो, चुकलंच माझं," एवढंच ती मधूनमधून म्हणत होती, अगदी थकलेल्या आवाजात.

मी दोन हातांवर उभा होतो. फोन घेऊन खरं काय ते सांगता आलं असतं. मी नाही घेतला.