नवमी आणि शेवटचा पेपर

डोळ्यांवर झापड येतेय. अर्थशास्त्राचं पुस्तक छातीवर उपडं पडलंय. उद्या माझा बी.ए.चा शेवटचा पेपर. परीक्षा लांबत लांबत नेमकी पितृपक्षात आली आणि उद्याच अविधवा नवमी. थोरल्या जाऊबाई सवाष्ण गेल्या, त्यांचं पान मीच वाढायचं. पेपर काय, पुढच्या वर्षी देता येईल, असं घरात ठरलंय. मीही मान डोलावलीय.

डोळे मिटतात आणि मी बाकावर बसलेली असते. मुक्त विद्यापीठाचं आमचं रविवारचं केंद्र, पहिलीच्या पोरांचे बाक, गुडघे मावत नाहीत. शेजारी जाऊबाई. अंगावर लग्नातला शालू, तोंड वाकडं.

"सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेज! लाज नाही वाटली?"

"तुम्ही तर चोविसाव्या वर्षी सुरू केलंत. कुठं पूर्ण केलंत?" बोलून मला बरं वाटतं. जिवंतपणी कधी उलटून बोलता आलं नाही.

"कडेवर एक होतं, पोटात दुसरं. सासूबाई म्हणाल्या, वय आहे अजून, पुढं बघू. त्या 'अजून'नंच खाल्लं मला. तुला असं कोण म्हणणार? पोरं मार्गाला लागली, सासू गेली, मी गेले. आयतं रान मोकळं मिळालं."

"फॉर्म भरला तेव्हा चारचौघांत हसलात. आता पदवी काय स्मशानात दाखवणार, म्हणालात."

"म्हणाले. जळत होते."

बाकाचा ओटा झालाय. कढईत वडे फुगताहेत. जाऊबाई माझ्या हातातला झारा हिसकावतात.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. उद्याचे."

"मला तेलकट सोसत नव्हतं, एवढ्या वर्षांत कळलं नाही तुला? नापास व्हायची भीती तुझी आणि खापर माझ्या पानावर फोडतेस? भित्री कुठली!"

माझा संताप होतो, कारण ते खरं आहे. "मग जेवायला कोण घालणार तुम्हाला?"

"घरात दोन पुरुष आहेत ना? वाढू देत. उपाशी राहिले म्हणून आता मरणार नाही मी."

"म्हणजे राग गेला तुमचा?"

"जायचा नाही." आणि लग्नकार्यात मला गप्प करायला काढायच्या, तसा त्या दंडाला कचकचून चिमटा काढतात.

मी किंचाळतच उठते. बाहेर अजून ऊन आहे. दंडावर दोन नखं लाल उमटलीत, हात लावला की झोंबतंय. तशीच ओसरीवर जाते आणि पेपर वाचत बसलेल्या थोरल्या भाऊजींना सांगते, उद्याचा स्वयंपाक तुम्ही दोघा भावांनी करायचा, मी परीक्षेला चाललेय.