लेकीच्या घरचं पाणी

सोळा वर्षं माझी आई माझ्या घरी येताना पाण्याची बाटली बरोबर घेऊन यायची. वाटेत तहान लागेल म्हणून नव्हे, माझ्या घरचं पाणी तिला चालत नव्हतं म्हणून. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता फारसं कोणी मानत नाही. मानणारे वर्ष-दोन वर्षं मानतात, तोवर घरात पोर होतं आणि विषय मिटतो. माझ्या घरात तो मिटला नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, पुण्याच्या खेपा झाल्या. दोघांतही दोष नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "दोष न्हाई म्हंजी नशीब न्हाई," आणि शेळीला कसलासा आजार झाल्याचं सांगू लागली.

आई राहते हिर्डोशीला, वरंध घाटाच्या बाजूला. मी किकवीत, हायवेला लागून. मधे भोरला गाडी बदलावी लागते. प्रवासाबद्दल आईची मतं फार पक्की होती. बाईनं घराबाहेर पडायचं ते तीनच कारणांनी, मयत, लग्न आणि दवाखाना. चौथं कारण सांगणारी बाई उनाड. या हिशेबानं ती वर्षातून दोनदा, तेही दवाखान्याचं निमित्त काढून, माझ्याकडे यायची. मग बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि आईची मतंही अर्धी झाली. दर महिन्याला गाडीत बसायला लागली. "सरकार देतंय तर बसू नगं का?" म्हणायची. मला आनंद व्हायला हवा होता. पण वर्षातून दोनदा गिळायचा अपमान आता बारा वेळा गिळावा लागत होता.

पैशाचंही तसंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं लोक म्हणतात. आई अंथरूणच बाहेर काढत नाही. घरात गॅस आहे, पण स्वयंपाक चुलीवर. सिलिंडरला तिनं जुन्या लुगड्याची खोळ शिवली आहे. दर महिन्याला खात्यावर सरकारचे पैसे येतात ते काढून तिनं दोन शेळ्या घेतल्या. का, तर म्हणे, "ब्यांकेतला पैसा पोराला मागता येतो. शेळी काय त्यो पुण्याला घेऊन जातूय?" पोरगा म्हणजे माझा भाऊ. त्याला दोन मुलं आहेत, त्यामुळे त्याला सगळं माफ. आणि घरातल्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी जेवावं, म्हणजे भांड्यात काय उरलं ते कळतं, हे मत तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आजही पहिली भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही.

एवढं वाचून कोणाला वाटेल, बाई जुन्या वळणाची, अडाणी, सोडून द्यावं. नाही. वाडीतल्या एका तरण्या पोरीचा नवरा गेला तेव्हा तिचं कुंकू पुसायला निघालेल्या बायकांना याच बाईनं दारातून हाकललं होतं. "नवरा मेला, ती न्हाई मेली," म्हणाली. भातलावणीला कातकरी बायांबरोबर ती त्यांच्याच कळशीतलं पाणी पिते. आमच्या एका चुलत्यानं त्यावरून तोंड वाकडं केलं तर त्याला चारचौघांत सुनावलं, "पाण्याला जात नस्ती. असलीच तर तुला असंल." लोक अजून तिचं हे बोलणं सांगतात. ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जगातल्या सगळ्या माठांतलं पाणी हिला चालतं, फक्त एका माठातलं नाही, आणि तो माझ्या घरात आहे.

मी तिला एकदाच तोंडावर विचारलं होतं. ओट्याच्या कडेला बसून ती स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत होती. म्हटलं, आई, मी काय पाप केलंय? ती शांतपणे म्हणाली, "दिल्या लेकीचं घ्यायचं नस्तं. नातवंड झालं की त्याच्या वाटणीचं खायाचं. तुज्या घरात म्या कुणाच्या वाटणीचं खाऊ?" मी भांडी घासायला घेतली.

वडील असे नव्हते. बाजाराला भोरला आले की गुपचूप किकवीपर्यंत यायचे, माझ्याकडे चहा घ्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "तिला सांगू नगंस." ते गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी, घाटावरून परतताना, आई माझ्या शेजारी चालता चालता म्हणाली, "मला ठावं व्हतं त्ये प्यायचे. तुज्या घरचा च्या भोवला." चाळीस वर्षं तंबाखूचा बार भरला तो भोवला नाही, माझा चार कप चहा भोवला. तेव्हा मी तिथंच रस्त्यात तिच्या तोंडात मारली असती. मारली नाही, कारण मागून चुलते येत होते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

माझ्या घरासमोर एक काकी राहतात. तीन मुलं, पाच नातवंडं. आई आली की आधी माझ्या ओट्यावर पिशवी ठेवायची आणि चहाला त्यांच्याकडे जायची. जेवायलाही तिकडेच. मी माझ्या दारात उभी, ती त्यांच्या दारात बशीत चहा ओतून पितेय, आणि मधे पाच पावलांची गल्ली. तिथून मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगायची, "पोरीनं घर नेटकं ठिवलंय, पर इस्कटायला हाय कोण?" काकी बिचाऱ्या कानकोंड्या व्हायच्या. मीही काही गरीब गाय नाही. आई उन्हाची आली की मी मुद्दाम तिच्यासमोर ताक घुसळायला बसायचे. जिरं, मीठ, कोथिंबीर घालून पेलाभर ताक तिच्या डोळ्यांदेखत प्यायचे आणि विचारायचे, "घेणार?" ती मान हलवायची आणि बाटलीचं झाकण उघडायची. तिच्या बाटलीतलं पाणी तोवर चहाइतकं कोमट झालेलं असायचं. मला बरं वाटायचं.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे, मुलांची खिचडी मी शिजवते. एकदा आई तिथं आली, पातेल्यात डोकावली आणि वाटीभर खिचडी घेऊन पोरांच्या रांगेत खायला बसली. मी विचारलं, ही चालते? "ही सरकारची हाय," ती म्हणाली, "तुजी न्हाई." म्हणजे माझ्या हाताचा विटाळ नव्हता, माझ्या घराचा होता. त्या दिवशी घरी जाऊन मी किती रडले ते नवऱ्याला माहीत आहे. तो टेम्पो चालवतो, माणूस अबोल. म्हणाला, "सोड ना, तिला बोलवूच नको." पण मला सोडायचं नव्हतं. मला तिला माझ्या घरचं पाणी पाजायचं होतं, तिच्या मरणाआधी.

मागच्या मे महिन्यात ती संधी आली. भोरच्या पुढं तिची गाडी बंद पडली, दुसरी लवकर मिळाली नाही, थोडं चालली, थोडं कोणाच्या तरी रिक्षातून आली. दीड वाजता दारात पोचली तेव्हा बाटली रिकामी होती आणि ओठांना पापुद्रे आले होते. ओट्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली. समोर जायचंही त्राण नव्हतं. म्हणाली, "तिच्याकडनं तांब्याभर पाणी आण."

मी गेले. काकींच्या दाराला कुलूप होतं. सगळं घर शिवऱ्याला लग्नाला गेलं होतं. हायवेवरच्या टपरीवरून बाटली आणता आली असती. ते सुचलंच नाही असं मी नवऱ्याला सांगितलं, पण सुचलं होतं. काकींचा पितळी तांब्या आदल्या दिवसापासून माझ्याकडे होता, त्यांनी त्यातून दूध पाठवलं होतं. मी मागच्या दारानं घरात शिरले, तो तांब्या माझ्या माठातून भरला आणि मागूनच वळसा घालून गल्लीतून आईसमोर आणून ठेवला.

तिनं तांब्या ओळखला आणि वरून घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. संपूर्ण रिकामा करून खाली ठेवला आणि श्वास टाकून म्हणाली, "हिच्या माठाला चव हाय बघ. तुमच्या पाण्याला न्हाई."

मी गप्प बसायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण तिला कळलंच नाही तर त्या पिण्याचा मला उपयोग काय? सोळा वर्षं मी तहानेनं मेले ती अशी चोरून जिंकायला? मी म्हटलं, "आई, काकींच्या घराला कुलूप आहे. ते माझ्या माठातलं होतं."

तिनं पोटावर हात ठेवला. मला वाटलं, आता घशात बोट घालते. माझी खात्रीच होती, आणि घातलंच तर काय करायचं हेही मी ठरवलं होतं, तिला तिथंच सोडून अंगणवाडीत निघून जायचं. पण तसं काही झालं नाही. तिनं कमरेची पिशवी काढली, आतून वीसची नोट शोधली, सरळ केली, ओट्यावर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर तांब्या ठेवला.

"हायवेला बाटली ईसला मिळती. इकत घ्येतलं म्या. तुजं फुकट काय घ्येतलं न्हाई."

मी ती नोट तिच्या अंगावर फेकेन, रडेन, पाया पडेन, असं तिला वाटलं असणार. तिच्या तोंडावर ते दिसत होतं. मी तांब्या उचलला, नोट घेतली आणि हॉटेलातला पोऱ्या विचारतो तसं विचारलं, "आणखी काही हवंय?"

तिनं पिशवीतून दहाची नोट काढली आणि म्हणाली, "च्या कर."

तेव्हापासून आई माझ्या घरी खाऊ-पिऊ लागली. पाणी वीस, चहा दहा, जेवण पन्नास. भाव तिनंच ठरवले. मी घासाघीस केली नाही. नवऱ्याला ते बघवेना. "अगं, आई आहे तुझी," म्हणायचा. मी म्हणायचे, गिऱ्हाईक आहे. नोटा मी कुठं जपून वगैरे ठेवल्या नाहीत, दळणाला आणि तेलाला खर्च केल्या. पैसे मोजत असल्यामुळे आईची जीभही सुटली. आमटीत मीठ जास्त, भाकरी जाड, भात मऊ. समोरच्या काकींकडे आता ती फिरकत नव्हती. खोटं कशाला सांगू, ती यायच्या आदल्या दिवशी मी तिच्या आवडीची सुकट आणून ठेवायचे. तव्यावर भाजताना माझा हात हलका व्हायचा. तीही दोन भाकऱ्या खायची, आणि मी तिच्यासमोर बसून जेवायचे, तिच्या बरोबरीनं, शेवटी नाही. असं आम्ही हिर्डोशीलाही कधी बसलो नव्हतो.

दिवाळीनंतर ती एकदा आली, त्यानंतर आजतागायत नाही. मी दोन ताटं वाढली. ती पाटावर बसली, कमरेला हात लावला आणि थांबली. पिशवी नव्हती. गाडीतल्या गर्दीत पडली असेल म्हणाली, किंवा घरीच राहिली असेल. परतीच्या तिकिटाचे पैसे ती पदराच्या गाठीला वेगळे बांधते, तेवढेच होते.

"आज पैसं न्हाईत गं," ती म्हणाली.

आणि उठली नाही. हे मला आजही स्पष्ट दिसतं. एरवीची आई असती तर तिथल्या तिथं उठून चपला घातल्या असत्या. ती बसून राहिली. ताटाकडे बघत राहिली, एकदा माझ्याकडे बघितलं, परत ताटाकडे. सकाळी सहाला निघालेली बाई, साठी ओलांडलेली. ती वाट बघत होती. मी फक्त 'जेव' म्हणायचं होतं. सोळा वर्षं तेवढंच तर मी म्हणत आले होते, कधी हसून, कधी रडून, कधी तिच्या पायाशी बसून. तो शब्द अगदी ओठांवर होता. पण त्याच्याआधी मला दहाव्याचा घाट आठवला, अंगणवाडीतली वाटी आठवली.

मी म्हटलं, "मग कसं करायचं?"

ती हळूच उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एका हातानं भिंत धरून. मी धरलं नाही. "गाडी असंल आता," असं काहीतरी पुटपुटली आणि गेली. दारातून ती हायवेच्या बाजूला वळेपर्यंत दिसत होती, मग टेम्पो उभा होता त्याच्या मागं गेली.

मी परत येऊन बसले. दोन्ही ताटं वाढलेली तशीच होती. मी माझं जेवले. मग तिचंही जेवले.