डॉक्टरांपुढे बरं असण्याची सवय

आमच्या माहेरी डॉक्टरांकडे आजारी चेहऱ्याने जायची पद्धत नाही. इस्त्रीची साडी, नीट वेणी, थोडी पावडर, आणि "कसं वाटतंय?" या प्रश्नाला एकच उत्तर: "छान!" आई तर फणफणत्या तापात डॉक्टरांनाच विचारायची, "तुमचं कसं चाललंय?" मी तिचीच लेक. आमवाताने बोटं सुजली तरी डोंबिवलीहून ठाण्याला तपासणीला निघताना मी एक वेदनाशामक गोळी घेऊन निघायची. चारचौघांत कण्हत बसणं बरं दिसतं का?

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. दर वेळी एकेक सांधा दाबून बघायच्या आणि विचारायच्या, "काकू, शून्य ते दहा, किती दुखतंय?" मी म्हणायची, "दोन." एकदा त्या फार दमलेल्या दिसल्या म्हणून दीड सांगितलं. त्या समाधानाने लिहून घ्यायच्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्याच गोळ्या पुढे चालू. त्याही खूश, मीही खूश. बरणीचं झाकण काढायला मात्र नवरा लागायचा.

दिवाळीनंतर मला ढोलाचं वेड लागलं. बावन्नाव्या वर्षी! सोसायटीतल्या बायकांबरोबर पथकात नाव घातलं. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून, गॉगल लावून ढोल बडवायचा, बस्स. पण पहिल्याच सरावाला टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातातून सुटून ताशेवालीच्या पायावर पडलं. मग पुन्हा सुटलं. पथक शिकवणारी पंचविशीची पोर गोड आवाजात म्हणाली, "काकू, यात्रेत तुम्ही पाणी वाटाल का?"

पाणी! मी घरी येऊन ढसाढसा रडले. त्यासाठी मी नऊवारी नेसणार होते होय?

पुढच्या तपासणीला नवरा बरोबर आला. डॉक्टर रिपोर्ट बघून कोड्यात पडल्या. "रक्तात सूज भरपूर दिसतेय, आणि तुम्ही म्हणता दोन?"

"दोनच," मी म्हणाले. जित्याची खोड.

"गोळीचा गुण असेल," आमचं भोळं माणूस मदतीला धावलं. "निघताना घेतलेली ना तिने. दर वेळी घेते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, अहो, तुमच्या या दोनवर मी औषध ठरवतेय! गोळी न घेता किती?"

मला त्या ताशेवालीचा पाय आठवला. "आठ," मी म्हणाले.

"मलाही दोनच सांगायचीस," नवरा हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला भयंकर अपराधी वाटलं आणि त्याच क्षणी, देवाशप्पथ, इतकं हलकं वाटलं की मी फिस्सकन हसले.

"हातांनी काय करायचंय तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"ढोल!"

त्याही हसल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एक मार्ग, याच गोळ्या वाढवून वाट बघायची. दुसरा, त्यांच्या जोडीला इंजेक्शन. त्याआधी टीबीची तपासणी, नंतर साधा तापही अंगावर काढायचा नाही, आणि पाडव्यापर्यंत गुण येईलच अशी हमी नाही. "सुई नको शक्यतो," नवरा पुटपुटला. पण हात माझे होते. मी प्रश्नावर प्रश्न विचारले, आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांचा वेळ खाल्ला आणि इंजेक्शन निवडलं.

तपासण्या झाल्या, सुया सुरू झाल्या. पहिला महिना काहीच नाही. मग एका सकाळी बरणीचं झाकण सहज फिरलं आणि मी स्वयंपाकघरातच गिरकी घेतली. पाडव्याला मी दुसऱ्या रांगेत होते. पूर्ण वेळ नाही, तीन चौक. पण वाजवलं!

दुसऱ्या दिवशी पथकाच्या ग्रुपवर सगळ्यांचे हात दुखत होते. पंचविशीच्या पोरींचेसुद्धा. मीही ऐटीत लिहिलं, "माझेपण!"