तालीम मंजूर

बैलगाडीवरची पेटी फोडली तर आत पाट्या, पेन्सिली, दोन कंदील आणि गुंडाळलेला एक फळा! जिंतूर तालुक्यातल्या, चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावातलं तरुण मंडळ लोखंडी पत्र्यांची वाट बघत होतं. मेंढरं राखणारा सखाराम त्यांचा पुढारी. त्यानं एक पाटी उलटीपालटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, आता हिच्यासंगं कुस्ती धरू का?"

आमचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि मी ब्लॉकमध्ये सोशल एज्युकेशन ऑर्गनायझर होतो. नाव भारदस्त, काम साधं. सायकल दामटत गावोगाव जायचं, तरुण मंडळं काढायची, त्यांना सरकारी मदत मिळवून द्यायची. नियम असा, की काही काम गावानं श्रमदानानं करायचं, उरलेलं सरकार देणार. या पोरांनी तालमीच्या भिंती उभ्या केल्या होत्या, कुस्तीच्या हौदाची तांबडी माती आणून चाळली होती. राहिलं होतं छप्पर. जागा पाटलांची. त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, पाडव्यापर्यंत छप्पर चढलं तर जागा मंडळाची, न्हाई तर तिथं माझी कडब्याची गंजी. पाडवा तोंडावर आला होता आणि सरकारनं पाठवल्या पाट्या. माझं डोकंच सणकलं.

तसाच ऑफिसात गेलो. बीडीओ साहेब हैदराबादचे, सगळं शिक्षण उर्दूतलं, माणूस अदबशीर. मला खुर्ची देऊन म्हणाले, "तालीम मांगे, तालीम भेज दिए. कमी क्या है?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमची तालीम म्हणजे कुस्तीची. त्यांची तालीम म्हणजे शिक्षण. मंजुरीही शिक्षणाच्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यातून, पडलेली. हेड बदलायचं तर फाइल हैदराबादला जाणार. ती परत येईतो गंजी लागून बैलांनी खाऊनही झाली असती. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. लहानपणी तेही अखाड्यात उतरलेले. पण हेडपुढं त्यांचाही इलाज नव्हता.

पडेल चेहऱ्यानं गावात येऊन सगळं सांगितलं. सखारामनं विचारलं, "शाळंला छप्पर लागतंय का न्हाई?"

"लागतं."

"मग आमी दोन्ही तालमी करतोत. सकाळी मातीत, सांजच्याला पाटीवर. इचारा तुमच्या साहेबाला."

साहेब पोटभर हसले आणि वर्गाच्या छपरासाठी पत्रे मंजूर केले. अट एकच, संध्याकाळची तालीम ते स्वतः येऊन बघणार.

पाडव्याच्या सकाळी पाटलांची कडब्याची गाडी आलीच. पोरं वर शेवटचे पत्रे ठोकत होती. पाटील खाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग गड्याला गाडी वळवायला सांगितली आणि जाता जाता म्हणाले, पहिल्या कुस्तीचा नारळ मी फोडणार.

संध्याकाळचा वर्ग सकाळच्या तालमीइतका कधीच भरला नाही. रिपोर्टात मी तसं लिहिलंही. मी मात्र एक धडा घेतला. अर्जात जागेचं नुसतं नाव लिहायचं नाही, तिथं माणसं काय करतात ते लिहायचं. 'इथे पोरं एकमेकांना चितपट करतात' असं लिहिलं, की हैदराबादलाही बरोबर समजायचं.