लहान होत जाणारा कुत्रा

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही, आणि जिच्यापुढे काढायला हवं होतं तिच्यापुढे तर नाहीच. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, कुंभवलीत कुणालाही विचारा. हळदीकुंकू असो की गावची मीटिंग, वैशू बोलायला पुढे. तेव्हा हेही मुळूमुळू रडत सांगणार नाही. जे केलं ते केलं.

नव्वदनंतरची वर्षं. टीव्हीवर जपानी कार्टून हिंदीत लागायचं आणि आम्ही नववीतली पोरं त्यापायी येडी झालो होतो. मोठ्ठे डोळे, टोकदार केस, हवेत उडत केलेल्या मारामाऱ्या— जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दुसरं काही काढायचोच नाही. प्रत्येकाचं एक पात्र ठरलेलं. दुसऱ्याचं पात्र काढलं की कट्टी! हसू नका, त्यावरून खरोखरच्या मारामाऱ्या झाल्यात.

आणि मग हेमानं पुस्तकं आणली. हेमा जवळच्याच, समुद्राकाठच्या नवापूरची, शाळेत माझ्याच बाकावर बसायची. तिची आई मासळी घेऊन एमआयडीसीतल्या एका बंगल्यावर जायची. मशीन बसवायला आलेले जपानी लोक तिथं राहायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या चित्रकथांचा गठ्ठा स्वयंपाक्यानं हेमाच्या आईला दिला, सुकी मासळी बांधायला होईल म्हणून. हेमानं रडून-ओरडून तो वाचवला आणि थेट माझ्याकडे घेऊन आली. पुस्तकांना बोंबलाचा वास होता. आम्हाला त्याचं काय! अख्ख्या बोईसर-तारापुरात अशी पुस्तकं फक्त आमच्याकडे होती.

अक्षर एक कळत नव्हतं. पण मी ठोकून दिलं— बाबांच्या कंपनीतल्या जपानी साहेबानं मला वाचायला शिकवलंय. दर रविवारी आमच्या ओटीवर सगळे गोल बसायचे आणि मी पुस्तक उघडून, चित्रांवर बोट ठेवत, धडाधड गोष्ट सांगायची. चांगली सांगायची हं, ते मी आजही मान्य करेन. सगळ्यांचा लाडका होता काण्या. पहिल्या पानावर त्याच्या एका डोळ्याला पट्टी, समोर त्याच्या कुत्र्याची कबर. शेवटच्या पानावर दोन्ही डोळे टकाटक, मांडीवर कुत्रा. तपश्चर्या केली, डोळा परत आला, कुत्राही जिवंत झाला! पोरं टाळ्या वाजवायची.

तो कुत्रा हेमाचा. म्हणजे तिचं पात्र ते. बाकीचे आपापले वीर काढायचे, ही कुत्रा काढत बसायची. म्हणूनच तिला दिसलं असेल, नाही का? एका रविवारी माझी गोष्ट रंगात आलेली असताना तिनं मध्येच विचारलं, "वैशू, ह्यो कुत्रा पानागणिक ल्हान कसा होत जातो गं?" आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन तिनं पालथं केलं. "आमी उलटा वाचतो. ह्यो त्या बाजूनं उघडायचा हाय."

मला त्या क्षणी कळलं. हे नीट ऐका— नंतर नाही, विचार करून नाही, त्याच क्षणी. पट्टी, कबर, पिल्लू, सगळं जागच्या जागी बसलं. कुत्रा लहान होत नव्हता, मोठा होत होता. आणि मरत होता. मग मी काय केलं?

मी पुस्तक हिसकावून घेतलं आणि म्हटलं, "बोंबील कुठल्या बाजूनं वाळवायचे ते तू सांग. पुस्तक कुठल्या बाजूनं वाचायचं ते मला कळतं."

सगळे हसले. किती हसले! हेमाही हसली थोडी, ओठ दाबून. मग उठली, चपला घातल्या आणि गेली. पुस्तकं तिची होती, तरी एकही नेलं नाही. पुन्हा ती आमच्या ओटीवर आली नाही. शाळेत तिनं बाकही बदलून घेतला.

पुढच्या रविवारी मी पुस्तक उजवीकडून उघडलं. ऐटीत. म्हटलं, आठवडाभर डोकं खपवलं तेव्हा मला छडा लागला! एक मुलगा म्हणाला, "पण हे हेमा म्हणाली होती ना?" मी म्हटलं, "छे, ती भलतंच काहीतरी बडबडत होती." आणि काण्याची खरी गोष्ट सुरू केली. कुत्रा मेला तेव्हा पोरं रडली. मीही रडले— खोटं नाही रडले. पण शोध हेमाचा होता. मी तो चोरला, आणि जिचा होता तिला सगळ्यांदेखत हाकलून मग चोरला.

तो मला पचलाही छान. चित्रकलेच्या बाईंनी मला वर्गापुढे बोलायला उभं केलं. पालघरच्या कॉलेजात तर 'उजवीकडून वाचणारी' हीच माझी ओळख. पोरं गावोगावहून पुस्तकं बघायला यायची, मी सांगायची, ती ऐकायची. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं, असं म्हणू का? नाही. एकदाही वाटलं नाही.

मग कॉलेज संपता संपता, बोईसरच्या बाजारात हेमा समोर आली. लग्न झालेलं, कडेवर पोर, बरोबर नवरा. मला पळून जायला हवं होतं की तिला, कोण जाणे, पण हाक तिनंच मारली. नवऱ्याला म्हणाली, "हीच ती वैशू. सांगितलेलं ना तुमाला? जपानी पुस्तका उजव्या बाजूनं वाचायच्या, ते हिनं शोधून काढलेलं."

आणि माझ्याकडे बघत राहिली. टोमणा नव्हता तो. आवाजात राग नव्हता. नवरा कौतुकानं हसत होता. ती नुसती थांबली होती— माझ्या तोंडाकडे बघत, मी काय बोलते त्याची वाट बघत. 'नाही हो, तुमच्या बायकोनं शोधलं.' एवढंच तर म्हणायचं होतं. एवढी बोलणारी मी!

"हो," मी म्हटलं. "मीच."

हेमानं मान हलवली. पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."