कवळीवाल्यांचा इंडिकेटर

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, आणि घरामागच्या लहानशा खोलीत बसून ते मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या सामानातून लोकांचं हसू तयार करायचे. हात अतिशय स्थिर. केसाएवढा फरक असला तरी बोटाला कळायचा. पण हे सगळं टेबलावर. टेबल हललं, की माणूस हलला.

त्यांची बायको याच्या अगदी उलट. ती गाडी शिकवायची. गावातले निम्मे लोक तिच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे सिग्नलला उभी राहिली तरी चारी बाजूंनी नमस्कार यायचे. नवरा मात्र तिच्याकडे शिकला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. पहिल्याच दिवशी दोघांचं असं काही वाजलं, की कवळीवाले सरळ पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेले आणि तिथून लायसन घेऊन आले. त्यानंतर गाडी चालवली ती फक्त गावातल्या गावात, कवळ्या पोचवायला.

आणि मग बायको पडदा लावताना स्टुलावरून पडली. इतकी वर्षं रस्त्यावर ओरखडा नाही, आणि स्वतःच्या घरात मनगट मोडलं! गावातल्या दवाखान्यात प्लास्टर झालं, पण ते दाखवायला हाडांचा चांगला डॉक्टर होता तो शेजारच्या मोठ्या शहरात, आणि तिथे जायचं तर महामार्ग.

"मी चालवेन," कवळीवाले म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला.

त्यांना वेगाची भीती नव्हती. वेग काय, पाय उचलला की कमी होतो. त्यांना पडलं होतं ते इंडिकेटरचं कोडं. मास्तरांनी शिकवलं होतं, "इंडिकेटर म्हणजे परवानगी मागणं. द्यायचा, आणि मागचा वाट देतो का बघायचं." बायको म्हणायची, "परवानगी कसली? आपण काय करणार ते आधी कळवायचं. आरसा बघा, इंडिकेटर द्या, मान वळवून बघा, मग जा." आणि मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, ट्रकवर होता. त्याने फोनवर तिसरंच सांगितलं, "दाजी, पुढच्या ट्रकने डावा दिला, तर कधीकधी तो तुम्हाला म्हणतो, जा पुढे, रस्ता मोकळा आहे."

"आणि कधीकधी?"

"कधीकधी तो खरंच डावीकडे वळतो."

"ते ओळखायचं कसं?"

"ते कळतं आपोआप," मेव्हणा म्हणाला. ज्यांना कळतं ते सगळे असंच म्हणतात.

सकाळी निघाले. बायकोने प्लास्टरचा हात उशीवर ठेवला, पट्टा लावून घेतला. गाडी तिच्या शिकवणीचीच, त्यामुळे तिच्या पायाशीही एक ब्रेक होता. त्याचा कवळीवाल्यांना आधारही वाटत होता आणि अपमानही.

महामार्गाला मिळणारा चढ आला. "उजवा द्या," ती म्हणाली.

"पण रस्ता तर एकच आहे. दुसरीकडे जाणार कुठे?"

"तुम्हाला माहितेय. त्यांना कुठे माहितेय? द्या!"

त्यांनी दिला. जागा मिळाली, गाडी आत शिरली, आणि कवळीवाल्यांना इतकं हायसं वाटलं की ते पुढचं सगळं विसरले. बायकोने गोळी घेतली होती, तिचा डोळा लागला. इंडिकेटर आपला टिकटिक करत राहिला. गावात चाक पुरतं वळतं, तेव्हा तो आपोआप बंद होतो. इथे चाक वळलंच कुठे होतं? उजवीकडची मोटार बिचकून मागे राहिली, मग हॉर्न वाजवत गेली. तिच्या मागची तसंच करून गेली. तिसऱ्या गाडीतल्या बाईंनी बोटं उघडून मिटून दाखवली. कवळीवाल्यांना वाटलं, दिवसाच्या उजेडात आपले दिवे लागलेत की काय. त्यांनी दिव्याचं बटण फिरवलं, मग वायपर लागले, कोरड्या काचेवर करकर करू लागले. टिकटिकीचा उगम सापडला तेव्हा ते घामाघूम झाले होते.

एवढ्यात पुढे एक ट्रक आला. सावकाश चाललेला, आणि त्याचा डावा दिवा लुकलुकत होता.

आता हा 'जा' म्हणतोय की 'मी जातोय' म्हणतोय? मेव्हणा म्हणाला होता आपोआप कळतं. कवळीवाल्यांनी कळण्याची वाट पाहिली. काहीच कळलं नाही. पुढे जावं तर तो उजवीकडे आला तर? थांबावं तर मागचे ओरडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी सभ्यपणे त्यांनीही डावा इंडिकेटर दिला आणि ट्रकच्या मागेमागे राहिले.

ट्रक थांबला तेव्हा बायकोला जाग आली. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेजारी डिझेलचा पंप.

"अहो, आपण ट्रकच्या रांगेत का उभे आहोत?"

"त्याने डावा दिला होता."

"मग?"

"म्हणून मीही दिला."

तिला हसू आवरेना, आणि हसताना हात हलून कळ आली, म्हणून चिडली. "तो त्याच्या कामाला आलाय! तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

कवळीवाल्यांना ते लागलं. पुन्हा महामार्गाला लागल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की या दिव्यानेच सगळा घोळ केलाय. मागे कोणी असेल तरच द्यायचा, नाहीतर त्याच्या नादी लागायचं नाही.

पुढे एक संथ टँकर होता. त्यांनी आरशात पाहिलं. बरीच मागे एक बस, बाकी सगळा रस्ता रिकामा. कोणाला सांगायचं? कोणालाच नाही. त्यांनी चाक उजवीकडे घेतलं.

कानाशीच हॉर्न फाटला. त्यांच्या खिडकीला लागून मोटरसायकल होती, आणि तिच्यावरचा माणूस दुभाजकाच्या बाजूला झुकला होता.

"डावीकडे!" बायको ओरडली.

त्यांनी चाक परत घेतलं. गाडी डुलली, सावरली. मोटरसायकल पुढे निघून गेली, आणि त्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही. कवळीवाल्यांची दातखिळी बसली. बायकोचा पाय तिच्या ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता, कारण बस आता मागे आली होती.

"मला दिसलाच नाही तो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "कोणीच नव्हतं गं मागे."

"तुम्हाला दिसला नाही. तुमचा दिवा त्याला दिसला असता, तर तो आधीच मागे राहिला असता."

"पण जो दिसतच नाही, त्याला मी काय सांगणार?"

"त्यालाच सांगायचं असतं." ती एवढंच म्हणाली. रागावली नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

"मी गाडी बाजूला घेतो. दुसऱ्या कोणाला तरी बोलावू."

"आणि माझा हात? चालवा. मी बोलत राहते."

ती बोलत राहिली. आरसा. आता द्या. मान वळवा. जा. बंद करा. शहराचा फाटा आला तेव्हा तिने बराच आधी डावा द्यायला लावला. त्याआधी पंपाकडे जाणारा दुसरा रस्ता नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळतंय. बाकावर बसलेल्या कवळीवाल्यांचा रंग पाहून त्यांनी त्यांनाच आधी पाणी दिलं.

प्लास्टर निघेपर्यंत त्या रस्त्यावर बऱ्याच खेपा झाल्या. परवानगी की बातमी, हे कवळीवाल्यांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्ही." त्याने घोळ वाढलाच. पण हात मात्र शिकला. डोकं वाद घालत असतानाच बोट इंडिकेटरच्या दांडीकडे जाऊ लागलं.

आता तर ते आपल्या बंद गल्लीतून निघतानाही इंडिकेटर देतात. गल्लीला वळण एकच, आणि मागे फक्त स्वतःची भिंत. बायको विचारते, "इथे कोणासाठी?"

कवळीवाले आरशात भिंतीकडे बघतात, खांदे उडवतात, आणि टिकटिक थोडी अजून चालू देतात.