नवरदेवाला नाकारलेली मोटार

माझे सासरे, म्हणजे मामाजी, सागवानाचे ठेकेदार. चांदा जिल्ह्यात सावली गावी घर आणि घराला लागूनच लाकडाचा डेपो. पन्नास सालानंतर धंद्याला बरकत आली, तेव्हा त्यांनी नागपूरच्या एका दुकानातून मोठी विलायती मोटार घेतली. चामड्याच्या गाद्या, समोर चकचकीत लाकडी फळी, दार लावलं तरी आवाज नाही. यापेक्षा ट्रक घ्या, असं मी म्हणून पाहिलं होतं.

"ट्रकात बसून साहेबाच्या बंगल्यावर जाऊ काय, बाई?" मामाजी म्हणाले.

पहिल्याच फेरीत मोटार मूल गावाच्या अलीकडे बंद पडली. इंजिन उकळत होतं. दुकानातून मिस्त्री आला, पॅकिंग बदललं, "नवं इंजिन आहे, चालून चालून मोकळं होईल," म्हणाला आणि जेवून गेला. गाडी पुन्हा उकळली. तो पुन्हा आला, पुन्हा पॅकिंग बदललं, पुन्हा जेवला. माझं माहेर वरोऱ्याचं, वडिलांच्या जिनिंगमध्ये तेलावरचं इंजिन होतं, त्यामुळे मला यातलं थोडं कळायचं. मी तेल पाहायची पट्टी ओढून बघितली. तेल ताकासारखं पांढुरकं झालेलं. पाणी तेलात उतरत होतं. पॅकिंग बदलूनही उतरतं म्हणजे खोट इंजिनच्या ओतीव लोखंडातच होती, आणि ती काही चालून मोकळी होणार नव्हती.

"वापस करा," मी म्हटलं.

"नारळ फुटला, पूजा झाली. आता कोण वापस घेते?"

"वकिलाले विचारून तं पाहा."

चांद्याचे वकीलसाहेब कमी बोलायचे. नारळानं हक्क जात नाही, म्हणाले. नवा माल खोटा निघाला तर घेणाऱ्यानं वेळेत नाकारावा, तसं दुकानदाराला कळवावं. गाडी नागपूरला नेऊन पोचवायचीही गरज नाही, न्यायची त्यांनी. मात्र नाकारल्यावर ती वापरायची नाही. वापरली की स्वीकारली, मग दुरुस्तीच्या नावानं जन्मभर मिस्त्रीला जेवू घाला.

मामाजींना ते पटायला वेळ लागला नाही. लाकडाच्या धंद्यात प्रत्येक लठ्ठ्यावर मालकाच्या हातोड्याचा ठसा असतो. "म्हणजे आपल्या डेपोत पडलेला, पण दुसऱ्याच्या ठशाचा लठ्ठा," ते म्हणाले. तसा लठ्ठा कोणी बसायलासुद्धा ओढत नाही. वकिलांनी दुकानाला रजिस्टर टपालानं कळवलं आणि मोटार छपरीत कुलपात गेली.

इथवर ठीक होतं. पण समोरच्या घरी लग्न निघालं. समोरचे भातशेतीवाले, आमच्या घरच्यासारखे. नवरदेवाची आई कुंकू-अक्षता घेऊन आली आणि मुलाच्या वरातीसाठी मोटार मागितली. आमच्याकडे अक्षता हातात पडल्यावर नवरदेवाला कोणी नाही म्हणत नाही. घरातलं उत्तम ते काढून द्यायचं. मामाजींनीही अक्षता घेतल्या आणि "घेऊन जा" म्हणाले. त्या क्षणी त्यांना ना वकील आठवला, ना हातोडा.

मी किल्ली काढून कमरेला खोचली.

"बाई, शब्द देला ना मी," मामाजी म्हणाले.

"तुमी देला. मले कोणी विचारलं नाई."

लग्नाच्या सकाळी समोरच्या बाई झेंडूच्या माळा घेऊनच आल्या, मागे घरचे चार गडी. मी छपरीच्या दाराशी उभी राहिले.

"गाडी आमची नाई, काकू. दुकानाची आहे."

"काल तुमची होती, आज दुकानाची काऊन झाली?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं.

"इंजिन बिघडलं असन तं आमी बैल जुंपतो. इंजिनले हातबी नाई लावत."

"बसणं म्हणजे वापरणंच झालं."

"पोरगा एक घडी बसला तं गाडी झिजते काय वो? का तुमच्या गादीले काटे आहेत?"

गडी हसले. मामाजी आत जाऊन बसले होते. मी आमची रेंगी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, आणि चांगली बैलजोडी देऊ केली. बाईंनी माळा रागानं पदरात गुंडाळल्या.

"रेंगी आमच्याबी घरी आहे," म्हणाल्या. "तुमची तुमच्याजवळ ठेवा."

नवरदेव त्यांच्याच रेंगीतून गेला. लग्नाला आमच्या घरून मामाजी एकटे गेले, आणि त्यांना पंगतीत शेवटी बसवलं.

पुढच्या आठवड्यात दुकानाचा मॅनेजर आला. मोटार पाहिली, टायर पाहिले, मग गोड आवाजात म्हणाला, "इतके दिवस दारात गाडी असून वापरली नाही, हे कसं मानायचं? लग्नसराई आहे." आम्ही काही बोलायच्या आत तो सरळ समोरच्या घरी गेला. मामाजींचा चेहरा उतरला. त्या घरात आमच्याबद्दल चांगलं बोलणारं त्या दिवशी कोणी नव्हतं.

बाई अंगणात धान पाखडत होत्या. मॅनेजरनं विचारलं, यांची मोटार कुठे जाताना पाहिली का?

"मोटार?" त्यांनी सूप खाली आपटलं. "अजी, अक्षता घेऊन नवरदेवाले नाई देली त्या लोकायनं! बैल जुंपतो म्हटलं तरी नाई देली. दाराले आडवी उभी होती ती सून. विचारा साऱ्या गावाले!"

आवाज असा होता की आमच्या ओसरीवर प्रत्येक शब्द ऐकू आला. विचारायला गाव आपण होऊनच जमला. गड्यांनीही आपापली साक्ष दिली, थोडं मीठमसाला लावून.

मॅनेजर परत आला तो गाडी वापरली नसल्याचं मान्य करूनच गेला. दुकानानं ट्रक पाठवून मोटार नेली, आणि पावसाळ्याआधी दुसरी आणून दिली. ती घेताना मी अट घातली: आधी तिच्यातून चांद्याला जाऊन येणार, मग सही.

मोटार नेली त्या संध्याकाळी मी समोर गेले. बाईंनी बसा म्हटलं नाही.

"आभार मानायले आली असशीन तं राहू दे. तुमच्यासाठी नाई बोलली मी."

"माहीत आहे मले," मी म्हटलं. "सुनेले पाहाले आली. लग्नात भेट नाई झाली."

बाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग आत तोंड करून सुनेला चहा ठेवायला सांगितलं.